जीपला लावलेले दोन जादा दिवे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात दोनदा नापास होऊन मी गावी परत आलो, तेव्हा आमच्या गावात वीज आलेली नव्हती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. खांब येणार, खांब येणार असं सगळे म्हणत होते, पण खांबांच्या आधी मी आलो. गावात विजेची म्हणावी अशी वस्तू एकच होती, आमच्या जीपची बॅटरी. त्यामुळे शिकलेलं सगळं ज्ञान मी तिच्यावरच काढायचं ठरवलं.

लोक मला ‘इंजिनेर’ म्हणायचे. मी नापास झालो हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही म्हणायचे, कदाचित म्हणूनच म्हणायचे. मी निर्लज्जासारखा ओ देत असे. कोणाची टॉर्च बिघडली की माझ्याकडे यायची. मी ती उघडायचो, कपाळाला आठ्या घालायचो, आणि सेल उलटे घातले आहेत असं निदान करायचो. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. एवढ्या यशावर माझी मान दिवसभर ताठ असायची.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडे. बाजार खामगावचा. दर बाजाराला बाबा जीप घेऊन जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. ही जीप लष्कराच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या बाजूला असलेली. कापूस चांगला पिकला त्या वर्षी बाबांनी ती आणली आणि तेव्हापासून तिला घराबाहेरच्या कोणाचा हात लागू दिला नाही. आजूबाजूच्या दहा गावांत स्वतःची मोटार स्वतः चालवणारा शेतकरी एकच, हा त्यांचा मोठा अभिमान होता. सुट्टीत आलो की मला मळ्यापर्यंत चालवायला मिळायची. नापास झाल्यावर तेही बंद झालं. माझ्या नापास होण्यावर बाबा एकदाच बोलले. म्हणाले, "ज्याले कागदावरची मोटर चालवता आली नाही, त्याच्या हाती मी खरी मोटर देत नाही." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर एकदा मी त्यांच्याबरोबर खामगावला गेलो होतो. परत येताना अंधारून आलं. बाबांनी दिवे लावले, आणि थोडं पुढे आल्यावर एकाएकी जीप थांबवून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पुष्कळदा. मी पुढे पाहिलं. रस्त्याच्या कडेला चुना लावलेला मैलाचा दगड होता.

"कोनाचं वासरू हाय हे," बाबा म्हणाले, "हालूनच नाही राह्यलं."

मी खाली उतरलो. आता माझ्या अकलेचा प्रताप ऐका. बाबा, हा दगड आहे, असं सरळ म्हणायचं सोडून मी त्या दगडापर्यंत गेलो, हुर्र हुर्र केलं, आणि परत येऊन सांगितलं, की गेलं. बाबांनी गाडी पुढे घेतली. दगडाजवळून जाताना मी दुसरीकडे पाहत होतो. दारात उतरताना बाबा म्हणाले, "या गाडीचे लाइट लय मंदावले बे."

त्या रात्री मायनं मला चुलीपाशी बसवून घेतलं. लाइट कुठे मंदावले ते तिला चांगलं माहीत होतं. चहाची कपबशी ती आता बाबांच्या पुढ्यात ठेवत नसे, थेट त्यांच्या बोटांखाली सरकवायची. त्यांची चप्पल नेहमी एकाच फरशीवर ठेवायची. हे सगळं ती इतक्या सहज करत होती की घरात राहूनही मी ते पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यायचे डोये गेले रे. मोतीबिंदू हाय. तू सांग त्यायले."

मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, आजवर मी त्यांना काही सांगितलंय का? आणि ते खरंच होतं. आमच्या घरात बाबांना कोणी तोंडावर काही सांगत नसे. सगळं आडून चालायचं. घरातलं पीठ संपलं तर माय बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं रिकाम्या डब्याशी बोलायची. बहिणीला माहेरी यायचं असेल तर ती पत्रात फक्त आमच्या गाईची चौकशी करायची. गाय आठवते म्हणजे गाडी पाठवा, हे बाबांना समजायचं. पण डोळे गेले हे कोणत्या डब्याला सांगायचं? डोळे गेले म्हणजे जीप गेली. आणि ते सांगणार कोण, तर कागदावरच्या मोटारीतून पडलेला मी.

पण रस्ता थांबणार नव्हता. दर बाजाराला ते जाणार, दर बाजाराला अंधारात परत येणार, आणि रस्त्यावर कंदील नसलेल्या बैलगाड्या असणार. एखाद्या दिवशी ते कोणाला तरी चिरडतील किंवा स्वतः नाल्यात जातील. मग माझ्या सुपीक डोक्यानं तोड काढली. बाबा म्हणतात ना लाइट मंद आहेत? मग लाइट वाढवू. सांगायची गरजच नाही. आजही मला त्या युक्तीचं नवल वाटतं. बाबांचे डोळे अधू झाले, आणि मी इलाज जीपवर करायला निघालो.

खामगावच्या एका भंगारवाल्याकडून मी मोडक्या ट्रकचे दोन गोल दिवे आणले, जेवायच्या ताटलीएवढे. नापास झालेल्या विषयाच्याच वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. योजना अशी, की हे दिवे जीपच्या अप्परला, म्हणजे लांबवर जाणाऱ्या झोताला जोडायचे. अप्पर लावला की हेही लागतील. समोरून कोणी आलं आणि पायाचा डिपर दाबून झोत खाली केला, की हेही आपोआप विझतील. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. एवढी चांगली योजना माझ्या हातात पडली हे तिचं दुर्दैव.

चार दिवस मी जीपखाली पडून होतो. गावच्या लोहाराकडून एक पट्टी करून घेतली, ती बंपरवर आवळली, तिच्यावर दोन दिवे बसवले. पट्टी किंचित पिळली गेली होती, त्यामुळे डावा दिवा थोडा वर आणि बाहेर पाहायचा. लोहारानं ते दाखवलं तेव्हा मी त्याला ऐकवलं, की ते मुद्दाम आहे, एक जवळचा आणि एक लांबचा. इंजिनेर म्हणतो म्हटल्यावर तो बिचारा गप्प बसला. वायर म्हणून घरात पडलेली रेडिओच्या एरियलची बारीक तार वापरली आणि ती सरळ अप्परच्या तारेला पीळ देऊन जोडली. वर चिकटपट्टी गुंडाळली. बाबा येता-जाता माझे जीपखालून बाहेर आलेले पाय पाहायचे, म्हणजे तेवढे त्यांना दिसत असावेत, आणि पुढे जायचे.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी बाबांना जीपमध्ये बसवलं. जीपचं तोंड कडब्याच्या गंजीकडे केलेलं होतं. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, लावा अप्पर. बाबांनी बटण ओढलं. मूळचे दिवे लागले, नेहमीपेक्षा जरा मंदच. आणि माझ्या त्या दोन ताटल्यांत, अगदी मधोमध, विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला. बस. गंजीवर उजेडाचा एक कवडसा वाढला नाही. मी वाकून एका दिव्याजवळ तोंड नेलं. फुंकर मारली तर विझेल असं वाटत होतं.

काय सबब सांगावी याचा विचार करतोय तोच आतून बाबांचा आवाज आला. "वा! आता कसं लख्ख झालं. गंजीतली पेंढीन् पेंढी दिसून राह्यली."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी खूश झालो. इतका खूश, की दिवे खरंच लागले असतील आणि माझीच पाहण्यात चूक झाली असेल असं वाटून मी पुन्हा वाकून पाहिलं. ठिपका लालच होता. मग मात्र डोक्यात प्रकाश पडला. लागलेला दिवा आणि न लागलेला दिवा यातला फरक या माणसाला कळत नाही, आणि हा परवा खामगावला जीप नेणार आहे. तेव्हा तरी बोलावं की नाही? मी बोललो, पण काय, तर "अजून थोडं काम बाकी आहे." कौतुकाचा तो शब्द परत करायची माझी छाती झाली नाही. घरी आल्यापासून मला मिळालेलं ते पहिलं कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एक दिवा पिशवीत घालून खामगावला गेलो. तिथे मोटारीच्या वायरिंगचं काम करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. बाबांचा त्यांच्यावर भरवसा होता आणि म्हणूनच मी त्यांच्याकडे आधी गेलो नव्हतो. मी त्यांच्यापुढे वही उघडली आणि रोध, दाब, प्रवाह अशी सगळी आरती म्हटली. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की जीपच्या बॅटरीवर पाणी टाकायची झाकणं किती आहेत.

"तीन," मी म्हणालो.

दुकानात ट्रकची एक बॅटरी पडली होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. तिला सहा झाकणं होती. एका झाकणाखाली दोन व्होल्ट, हे मी कॉलेजात जाण्याच्याही आधी शिकलो होतो. आमची जीप सहा व्होल्टची होती आणि दिवे बारा व्होल्टचे. दोन वर्षं ज्या विषयात नापास झालो त्याचा पेपर जणू कोणीतरी जीपच्या बॉनेटखाली ठेवला होता, आणि त्या तीन झाकणांतून दर आठवड्याला मी स्वतःच्या हातानं पाणी घालत होतो.

चाचांनी सहा व्होल्टचे दोन बल्ब काढून दिले. माझी बारीक तार त्यांनी दोन बोटांत धरली आणि इतक्या आदरानं बाजूला ठेवली की मला हसू आलं. मग एका जुन्या मोटारीच्या हॉर्नचा रिले दिला आणि तो कसा लावायचा ते समजावलं. अप्परच्या तारेनं नुसता हुकूम द्यायचा, ओझं बॅटरीकडून आलेल्या जाड तारेनं उचलायचं. अप्परच्या तारेवरच सगळं ओझं टाकलं तर एक दिवस ती जळणार. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. उठताना चाचा म्हणाले, "भाऊ, कमी कोनाले दिसते? गाडीले का तुमच्या बाबाले?"

मी बल्ब पिशवीत भरू लागलो. मग त्यांनी सांगितलं, की दोन बाजारांआधी बाबांनी दुकानासमोरचा पाण्याचा ड्रम पाडला होता. चाचांनी काही म्हटलं नाही. बाजाराच्या दिवशी ते आता ड्रम आत घेतात. पुढे हळूहळू मला कळत गेलं, की पिंपळगावच्या एसटीचा ड्रायव्हर आमची जीप लांबून ओळखून बस कडेला लावतो. कापसाच्या गाड्यावाले आमचा हॉर्न ऐकला की बैल थेट शेतात उतरवतात. सगळा मुलूख मुकाट्यानं बाबांच्या वाटेतून बाजूला सरकत होता आणि इंजिनेर दिवे लावत होता.

तरीही मी दिवे लावले. माणसानं एकदा काम हाती घेतलं की पुरं करावं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की जीपखाली असलो की मला कोणाशी बोलावं लागत नसे.

या वेळी दिवे असे लागले, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. उजवा दिवा गंजीवर पडला आणि डावा तिच्या मागच्या निंबाच्या शेंड्यावर. तिथले बगळे खडबडून उडाले. मायनं दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "चांगलं झालं." पहिल्यापेक्षा कमीच म्हणाले.

पुढच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेलो. परत निघेपर्यंत सूर्य बुडाला. बाबांनी अप्पर लावला आणि रस्ता दिवसासारखा उजळला. कडेच्या पऱ्हाटीवर राहिलेली कापसाची बोंडं मला मोजता आली असती. बाबा मात्र पुढे झुकून, स्टिअरिंगला छाती लावून, बैलगाडीच्या दीडपट वेगानं जीप नेत होते. तेवढ्यात समोरून कापसाची गाडी आली. भर उजेडात होती. बैलांचे डोळे हिरवे चमकत होते, गाडीवाल्यानं तोंडावर हात आडवा धरला होता. मी वाट पाहिली, की आता बाबा पायानं डिपर दाबतील. दाबला नाही. वेगही कमी केला नाही.

मी ओरडलो, "बाबा, गाडी!"

जीप थांबली तेव्हा बैलाची शिंगं माझ्या दिव्यांपासून चार हातांवर होती. बैल झोतात खिळून उभे राहिले होते, बाजूला व्हायला त्यांना वाटच दिसत नव्हती. म्हणजे इतके दिवस जे गाडीवाले आपले आपण बाजूला सरकत होते, त्यांनाही मी आंधळं करून ठेवलं होतं. गाडीवाला खाली उतरला, वेसण धरून बैल कडेला ओढले आणि जाताना म्हणाला, "रामराम मालक." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी इंजिन बंद केलं, दिवेही बंद केले. मग विचारलं, "कोन होतं?"

मी सांगितलं. मग काय झालं कोण जाणे, तोंडात आलं ते बोलून गेलो. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी दिवे लागलेच नव्हते. नुसते लाल झाले होते. तुम्ही लख्ख म्हणाले."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"उजेड झाला असता तं तू अंगणात नाचला असता. तू चूप होता. मी समजलो का नाही झालं." ते समोर पाहत होते. "चार दिवस गाडीखाली पडून होता तू. अजून एका पेपरात नापास करू काय तुले?"

मी बाहीनं डोळे पुसले. ते त्यांना दिसणार नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मी त्यांच्या डोळ्यांना सांभाळतोय असं समजत होतो, आणि ते न दिसणाऱ्या डोळ्यांनी मला सांभाळत होते.

बाबा खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवत, चाचपत चाचपत, जीपला पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक," म्हणाले, "चालव." मी पलीकडच्या सीटवर सरकलो. घरापर्यंत मी न चुकता डिपर देत राहिलो, समोर कोणी नव्हतं तेव्हासुद्धा.

पौषात खामगावला डोळ्यांचं शिबिर भरलं. मी बाबांना जीपनं नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसचे दिवस उताणं निजवायचे. माय उशाशी बसून होती, आणि पहिल्यांदाच सगळं तोंडावर बोलत होती. हलू नका, बोलू नका, गप पडा. बाबा ऐकत होते. मी बाहेर जीपमध्ये झोपायचो.

महिन्या-दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तो लावून अंगणात आले. गाय पाहिली, गंजी पाहिली, मायकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ती आत निघून गेली. मग जीपकडे वळले. तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढे येऊन वाकले आणि माझ्या दोन दिव्यांकडे पाहत राहिले. मी शेजारी उभा होतो, चार दिवसांच्या कष्टाचं आता खरं कौतुक होईल या आशेनं.

"हा दिवा वाकडा हाय बे," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"कवाचा?"

"पहिल्यापासून."

"अन् कोनी सांगतलं नाही तुले?"

लोहार आठवला, तरी मी नाही म्हणालो. बाबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या भिंगांमागे फार मोठे दिसत होते. मग ते बंपरपाशी खाली बसले आणि म्हणाले, "पाना आन."